दगडी (कासेचा दाह) तिसऱ्यांदा उलटली, पेनिसिलिन लागू नाही: मदत हवी आहे

गाय तिसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण, अजून दुधात. उजव्या मागच्या सडाला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दगडी झालीय. पहिल्या धारेला बारीक गुठळ्या, कास हाताला कडक. ताप नाही, चारा नीट खाते.

डॉक्टरांच्या सांगण्यानुसार दोनदा सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, कोर्स पूर्ण केला. आठवडाभर दूध स्वच्छ, मग पुन्हा तेच. या वेळी औषधाआधीच दुधाचा नमुना तपासला: स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. पेनिसिलिन, अँपिसिलिनला रेझिस्टंट (ती औषधं लागू नाहीत). सेफ्टिओफर, एन्रोफ्लॉक्सासिन या औषधांना सेन्सिटिव्ह (ती लागू पडावीत). पण हा जंतू कासेच्या पेशींत लपतो, तिथवर औषध नीट पोचत नाही, म्हणून अहवालावर विसंबून लगेच नवं इंजेक्शन द्यायला मन धजत नाही. उद्या तेही निकामी झालं तर?

तिची धार सगळ्यात शेवटी काढतो, सड जंतुनाशकात बुडवतो, त्या सडाचं दूध टाकून देतो. गाय विकायची नाही, इतर गाईंना लागण होऊ द्यायची नाही.

डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण ज्यांनी असं जनावर सांभाळलंय त्यांना विचारतो: आताच उपचार करावा, की गाय आटवून (दूध काढणं बंद करून) भाकड काळातली ट्यूब सोडावी? की तो सड कायमचा बंद करणंच बरं?