मदत हवी आहे: लेग्रँडाइट की पिवळा अ‍ॅडमाइट?

नमस्कार मंडळी, मी आपला झिओलाइट खनिजं जमवणारा, आर्सेनेटमधलं (आर्सेनिक-ऑक्सिजनवाल्या खनिजांमधलं) फार कळत नाही. दादाने येताना मेक्सिकोचा एक दगड आणलाय, लेबलवर नुसतं "ओहुएला खाण, मापिमी" आणि खाली लेग्रँडाइट. तपकिरी लिमोनाइटच्या (गंजासारख्या लोहखनिजाच्या) पोकळीत हळदीसारख्या पिवळ्या काड्यांचा झुबका आहे, सगळ्यात मोठी काडी जेमतेम ५ मिमी. पण त्याच खाणीत अ‍ॅडमाइट ढिगाने निघतो आणि तोही कधी कधी पिवळा असतो, म्हणून शंका.

वाचलं त्यावरून दोन्ही झिंकचेच आर्सेनेट, दोन्हीत हायड्रॉक्सिल (OH) गट, फक्त लेग्रँडाइटमध्ये पाण्याचा एक रेणू जास्त. म्हणजे वर झिंक आणि आर्सेनिकची सल्फाइड्स हवापाण्याने गंजली आणि ते पाणी झिरपत पोकळीत येऊन स्फटिक झाले, इथवर समजलं, पण मग एका पोकळीत अ‍ॅडमाइट आणि शेजारी लेग्रँडाइट असं का होतं? तापमान, पीएच की आणखी काही?

दुसरं, घरी ओळखायचं कसं? शॉर्टवेव्ह यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरला तर काहीच चमकला नाही, अ‍ॅडमाइट बऱ्याचदा हिरवा चमकतो पण प्रत्येक नाही म्हणे. कडकपणा अ‍ॅडमाइटचा ३.५ आणि लेग्रँडाइटचा ४.५ च्या आसपास, म्हणजे गळून पडलेल्या तुकड्याने फ्लोराइटवर (कडकपणा ४ चं खनिज) ओरखडा काढून बघू का? (अ‍ॅसिड लावायला सांगू नका, आर्सेनिक आहे, घरात लहान पोरं आहेत.) फोटो कमेंटमध्ये टाकतो.