मदत हवी आहे: सहावी-सातवीच्या मुलांना तलाव कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यात एका जि. प. शाळेत विज्ञान शिकवते. माहेर पुण्याकडचं, त्यामुळे इथल्या तलावांचं मला कळतं ते गेल्या तीन वर्षांतलंच. शाळेपासून दहा मिनिटांवर मामा तलाव आहे. (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजार जमीनदारांचा, म्हणून मामा. मी पहिलं वर्षभर कुणाच्या तरी मामाचा समजत होते!)

मागच्या महिन्यात पाणीबचतीचा तास घेतला. दात घासताना नळ बंद ठेवा वगैरे नेहमीचंच. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या इथं नळच नाही जी, बंद काय करू?" वर्ग हसला, मीही हसले. पण ही पोरगी रोज हापशीवरून चार गुंड (इकडे घागरीला गुंड म्हणतात) पाणी वाहते आणि मी तिला पाणी जपून वापरायला सांगत होते!

मग दुसऱ्या दिवशी पट्टी धरून गणित केलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं पत्र्याचं छत 20 बाय 6 मीटर, म्हणजे 120 चौरस मीटर. 10 मिलिमीटर पाऊस झाला तर 1200 लिटर. तिचा गुंड आणून मोजला, 12 लिटरचा निघाला. थोडं सांडलं-उडालं धरलं तरी एका सरीत शंभराच्या आसपास गुंड! त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा गप्प बसला. पहिल्या पावसाचं छत धुतलेलं पाणी सोडून द्यायचं, पुढचं साठवायचं, इथवर मुलं स्वतःच आली.

आता तलावाकडे वळायचंय आणि इथे माझी पंचाईत आहे. वर्गात ढीवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, सात मुलं आहेत, त्यांना माझ्यापेक्षा दसपट कळतं. मी फळ्यावर शेवाळ–किडे–मासे–बगळा अशी साखळी काढली, तर एकाने विचारलं, "पहाटे मासे तोंड वर काढून का राहतात? आजा तेव्हाच जाळं टाकतो." रात्री उजेड नसतो, वनस्पती ऑक्सिजन सोडत नाहीत, पण श्वास तर घेतात, म्हणून पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. एवढं सांगितलं, पण मोजून दाखवता आलं नाही.

चहाची गाळणी बांबूला बांधून काठावरचा गाळ पांढऱ्या ताटात ओतून पाहिला. पाणविंचू, गोगलगायी आणि चतुराची अळी मिळाली. ती अळी एक मिनिट मेल्यासारखी पडून होती, मग खालचा जबडा हातासारखा झटकन पुढे फेकून तिने डासाची अळी ओढली. मुलं ताटावर अशी वाकली की डोकी आपटली. लगेच प्रश्न आला: डासांना खायला हे आहे, तर मग विहिरीत गप्पी मासे कशाला सोडतात? मी म्हटलं, ते बाहेरून आणलेले मासे आहेत, आणि डासांच्या अळ्यांबरोबर इतरही बरंच खातात. पुढे काय बोलावं सुचेना.

तर जाणकारांनी सांगावं:

पाण्यातला ऑक्सिजन शाळेत मोजायला स्वस्त किट कोणी वापरलंय का? पहाटेचं आणि दुपारचं पाणी शेजारी ठेवून फरक दाखवायचाय. रसायनं सहावी-सातवीच्या हाती द्यायची नाहीत, ते मीच करीन.

काठाला बेशरमाचं झुडूप माजलंय. ते उपटायचा उपक्रम घ्यावा की नको? तोडलेली फांदी पुन्हा फुटते म्हणतात. त्यातच एका जागी पाणकोंबडीचं घरटंही दिसलं, म्हणून हात आखडलाय.

38 मुलं आणि मी एकटी. मुख्याध्यापक म्हणतात, पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) खाली उतरायचं नाही. माझा विचार दहा-दहाच्या तुकड्या करून ढीवर आजोबांनाच "सर" म्हणून बोलवायचा आहे. ते तुडूम (तलावातून पाणी सोडायचं दार) कसं उघडतं, पाणी धानाला कसं जातं, हेही सांगतील. पण ते संकोचतात, "मी काय शिकवणार, शाळा पाहिली नाही" म्हणतात. गावातल्या जाणत्या माणसांना वर्गात कोणी आणलं असेल, तर कसं राजी केलंत?

शनिवारची सकाळची शाळा पकडायची आहे, पाणी उतरायच्या आत.