टँकरवरच्या सोसायट्या: फ्लॅटवार मीटर हवेत की नकोत?

कोरडा_नळ: वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, टँकर काही सुटला नाही. अशा भागात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांना सारखा लावणं बंद करा आणि फ्लॅटवार मीटर बसवा. 120 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 64,800 लिटर. दहा हजारीचे साडेसहा टँकर. दोघांच्या घराने सहा जणांच्या पाण्याचे पैसे का भरायचे? खिशाला चाट बसल्याशिवाय नळ बंद होत नाहीत.

पाइपफिटर: तत्त्व पटलं, पण जुन्या इमारतीचं प्लंबिंग बघा. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर आणि दोन बाथरूमना वेगवेगळ्या उभ्या लायनी उतरतात. फ्लॅटमागे तीन मीटर, एकूण 360. डक्टमध्ये शिरून रीडिंग घेणार कोण? शिवाय टाकी रिकामी होऊन लाइनीत हवा शिरली की मीटर हवेवरही फिरतो. मग पुढच्या जनरल बॉडीत बघायला नको! उलट बारीक गळती साध्या मीटरला कळतेच असं नाही. फ्लशमधून ताशी 10 लिटर झिरपले तरी दिवसाला 240 जातात.

कोरडा_नळ: नवीन इमारतीत बिल्डरकडून फ्लॅटला एकच इनलेट घ्या, प्रश्न मिटला. जुन्यांनी तोवर माणशी आकारणी करावी.

पाइपफिटर: भाडेकरूंची खरी संख्या कोण सांगतो? करून बघा.

हिशेबनीस: दोघेही आधी हौद मोजा. हौद 6 बाय 4 मीटर असेल तर 1 सेंमी पातळी म्हणजे 240 लिटर. पंप बंद ठेवून टँकर उतरवा, आधी-नंतर काठी बुडवा. 10,000 लिटरला पातळी जवळजवळ 42 सेंमी चढली पाहिजे. 36 च चढली तर जवळजवळ चौदाशे लिटर कुठे गेले, ते टँकरवाल्याला विचारा. त्यानंतर रात्री 2 ते 4 पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीची पातळी बघा. त्या वेळी वापर जवळपास नसतो, त्यामुळे पातळी ठळक उतरली तर बहुतेक फ्लश किंवा लाइन गळतेय. प्रत्येक विंगच्या टाकीला एक मीटर, त्याच्याआधी गाळणी (टँकरच्या गाळाने मीटर अडकतात), एवढं पुरे. फ्लॅटवार मीटरचा ठराव त्या आकड्यांनंतर आणा.

कोरडा_नळ: विंगचा मीटर विंगचाच आकडा देणार. दोघांच्या घराचं काय?