कॅम्पसवरचा ख्रिस्ती प्रचार: मंडळाने विद्यापीठाला पत्र लिहावं का?

प्रेषक: रेवती (जॉन्स क्रीक)

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली, इथे जॉर्जियातल्याच एका सरकारी विद्यापीठात. गेल्या गेल्या लायब्ररीसमोरच्या चौकात दोन मुलींनी तिला थांबवलं. "छोटंसं सर्वेक्षण आहे, पाच मिनिटं देशील?" पन्नासेक छायाचित्रं मांडून ठेवलेली. यातली कुठली तीन तुझ्या आत्ताच्या आयुष्याशी जुळतात, देव म्हटलं की कुठलं डोळ्यांपुढे येतं, असे प्रश्न. लेक मनापासून बोलली. नवीन जागा, ओळखीचं कोणी नाही, आणि कोणीतरी इतकं मन लावून ऐकतंय याचं तिला अप्रूप वाटलं. शेवटी तिचा नंबर घेतला आणि शुक्रवारच्या जेवणाचं बोलावणं आलं.

जेवणानंतर गाणी झाली, येशूमुळे आपलं आयुष्य कसं पालटलं ते एका मुलाने सांगितलं, आणि मग सगळ्यांना छोट्या गटांत बसवून बायबल उघडलं. बोलावताना यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिच्याबरोबर तिची जैन रूममेट होती आणि शेजारच्या खोलीतली हैदराबादची मुस्लिम मुलगी. तिघींपैकी एकीलाही मधूनच उठून जायचा धीर झाला नाही. मेसेज अजून येतात.

माझी सूचना अशी की आपल्या मराठी मंडळाने विद्यापीठाला पत्र लिहावं. हिंदू, जैन, शीख, मुस्लिम विद्यार्थ्यांमध्ये धर्मप्रचार करायला कॅम्पसवर बंदी असावी. गुजराती समाज आणि गुरुद्वाराही आपल्याबरोबर येतील असं वाटतं. कार्यकारिणीने विचार करावा.

रेवती


प्रेषक: मिलिंद (कमिंग)

रेवतीवहिनी, माझी सही धरा.

माझ्या भाच्याच्या हातात एकाने दहा लाख डॉलरच्या नोटेसारखं दिसणारं पत्रक ठेवलं. मागच्या बाजूला प्रश्न होता की आज रात्री तू मेलास तर कुठे जाशील. त्याचे आजोबा त्याच महिन्यात सांगलीला वारले होते आणि त्याला अंत्यसंस्काराला पोचता आलं नव्हतं. रात्री फोनवर तो मला विचारत होता, "मामा, आजोबा नरकात गेले असं ते लोक खरंच मानतात का?" मला ते सहन झालं नाही. ही मंडळी आपल्या पोरांना बाटवायलाच तिथे उभी असतात, याबद्दल मला तरी शंका नाही.

मिलिंद


प्रेषक: श्रीकांत (डेकेटर)

रेवती, मिलिंद आणि मंडळी,

तुम्हा दोघांच्या मनातली कळ मला समजते. मिलिंदच्या भाच्याला जो प्रश्न विचारला गेला तो क्रूर होता, याबद्दल माझं दुमत नाही. पण बंदी मागणारं पत्र मंडळाच्या नावाने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची कारणं जरा सविस्तर लिहितो.

आपल्या घरांपासून फार लांब नसलेल्या लॉरेन्सव्हिलची गोष्ट आहे. तिथल्या जॉर्जिया ग्विनेट कॉलेजात २०१६ साली चिके उझुएग्बुनम नावाचा विद्यार्थी लायब्ररीबाहेर उभा राहून येशूबद्दल बोलत होता, पत्रकं देत होता. अधिकाऱ्यांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं की भाषणासाठी ठरवून दिलेल्या दोन जागा आहेत, त्यातली एक आरक्षित कर. त्याने रीतसर जागा आरक्षित केली. तिथे बोलायला लागला तर तक्रार आली म्हणून कॅम्पस पोलिसांनी पुन्हा गप्प केलं. इतरांची शांतता आणि स्वस्थता बिघडेल असं बोलायचं नाही, असा कॉलेजचा नियम होता. तो कोर्टात गेला. मधल्या काळात कॉलेजने नियम बदलले आणि आता वाद उरलाच नाही असं म्हटलं. प्रकरण थेट वॉशिंग्टनला पोचलं. ८ मार्च २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की हक्क मोडला गेला असेल तर भरपाई नाममात्र का असेना, दावा चालतो. विरोधात एकटे सरन्यायाधीश रॉबर्ट्स होते. पुढे २०२२ मध्ये जॉर्जियाने कायदाच केला, आणि सरकारी विद्यापीठांमधल्या मोकळ्या जागांवर अशा ठरावीक कोपऱ्यांत बोलण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे रेवती मागते ती बंदी विद्यापीठाने मनात आणलं तरी घालता येणार नाही. एमरीसारख्या खाजगी विद्यापीठाचं वेगळं. त्याला भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचं बंधन नाही, त्याचे नियम त्याचे.

आपल्यापैकी बरेचजण मनात भारतातला कायदा धरून बोलतात. तिथे घटनेच्या कलम २५ मध्ये धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण १९७७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. इथे कोर्टाची दृष्टी निराळी आहे.

आणि हा कायदा फक्त त्यांच्या सोयीचा आहे असं समजू नका. न्यूयॉर्कच्या विमानतळांवर इस्कॉनचे भक्त पुस्तकं वाटायचे, देणग्या मागायचे. त्यांना बंदी झाली तेव्हा ते लढले. १९९२ साली सुप्रीम कोर्टाने पैसे मागण्यावरची बंदी कायम ठेवली, पण पत्रकं वाटण्यावरची रद्द केली. त्याआधी १९८१ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवरच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी खटला जिंकला होता. इतर विद्यार्थी संघटनांना खोल्या देता तर केवळ धार्मिक म्हणून आम्हाला नाकारू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं कोर्टाने मान्य केलं. आज सरकारी विद्यापीठात हिंदू विद्यार्थी संघटना दिवाळीला हॉल घेते, मुस्लिम विद्यार्थी जुम्म्याच्या नमाजासाठी खोली घेतात, ते त्याच निकालाच्या आधारावर. आपण आज जी बंदी मागू ती उद्या गीता वाटणाऱ्या मुलालाही लागू होईल.

आईबापांची ही भीतीही नवी नाही. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सारा पारशी समाज हादरला. मुलगा परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज झाले, पालकांनी शाळेतून भराभर मुलं काढून घेतली. कोर्टाने मात्र धनजीभाईला त्याला हवं तिथे जाऊ दिलं.

मला त्या काळातला दुसरा माणूस जास्त जवळचा वाटतो. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायचे. समोर जॉर्ज बोवेनसारखा अमेरिकन मिशनरी असायचा, जो एरवी मुंबईच्या रस्त्यांवर पत्रकं वाटत फिरे. शेकडो लोक ऐकायला जमत. बुवांनी प्रश्न विचारले, प्रश्न झेलले, वेदोक्त धर्माची बाजू मांडली. बोवेनला गप्प करा असा अर्ज घेऊन ते सरकारदरबारी गेले नाहीत. आपल्या मुलांना तेवढं बोलता यावं, एवढी तयारी घरून देऊन आपण त्यांना पाठवतो का?

कुठे अडवता येतं तेही सांगतो. नाही म्हटल्यावर पाठलाग करणं, वाट अडवणं, डॉर्मच्या दारोदार जाऊन टकटक करणं, गुण ज्याच्या हातात आहेत अशा प्राध्यापकाने विद्यार्थ्याला प्रार्थनेला बोलावणं, यातलं काही झालं तर विद्यार्थी विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

श्रीकांत


प्रेषक: संजीवनी (स्मिर्ना)

नमस्कार,

दरवर्षी गणपतीत मंडळाच्या पंगतीला मी वाढायला असते, त्यामुळे बरेचजण मला ओळखता. मी अहमदनगरची. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे. मिलिंददादा, "बाटवायला" हा शब्द या यादीवर वाचून मला वाईट वाटलं. माझे पणजोबा बाटले नव्हते, त्यांनी पूर्ण विचार करून निवड केली होती. एवढं लिहून पुढे जाते.

इथे मास्टर्स करत असताना मलाही असंच थांबवलं होतं. त्या मुलाने माझं नाव ऐकलं, रंग पाहिला आणि येशू कोण हे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, मी ख्रिस्तीच आहे, तर त्याने विचारलं, "अमेरिकेत आल्यावर झालीस का?" अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आलं आणि १८३१ पासून नगरला आहे. आमच्या उपासनेत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं म्हटली जातात, टाळ-मृदंगावर. यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. माझा राग त्याच्या प्रचारावर नव्हता. समोरच्या माणसाला काही विचारायचंच नाही, आधीच ठरवून यायचं, त्यावर होता. रेवतीताईंच्या लेकीला छायाचित्रं दाखवणाऱ्या मुलींनी निदान विचारलं तरी.

टिळकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी कवितेच्या, देवाच्या गप्पा मारल्या आणि उतरताना बायबलचा नवा करार हातात दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला पुस्तक देणं, हेच तर त्या चौकात चालतं. तो प्रवासी त्या दिवशी गप्प बसला असता तर आमच्या चर्चकडे ती पदं नसती आणि मराठीकडे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य नसतं. पण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, नवऱ्यापासून कैक वर्षं दूर, माहेरच्या माणसांत, पदरी लहान मूल. त्यांचं दुःख वाचल्यावर मला रेवतीताईंची काळजी परकी वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या.

माझ्या श्रद्धेबद्दल बोलणं हे मी कर्तव्य मानते. म्हणूनच लपवून बोलावणं मला पटत नाही. जेवणानंतर बायबल वाचणार असाल तर निमंत्रणातच तसं लिहा. येशूने कुणालाही फसवून जेवायला बसवलेलं नाही.

आणि मिलिंददादा, तुमच्या भाच्याला माझा नंबर द्या. त्याच्या आजोबांचा निवाडा करण्याचा अधिकार पत्रक छापणाऱ्याला नाही, हे त्याला एका ख्रिस्ती बाईच्या तोंडून ऐकायला मिळालं तर बरं होईल.

संजीवनी


प्रेषक: ईशा (एमएसची विद्यार्थिनी, मिडटाऊन)

सगळ्यांना नमस्कार. मी यादीवर नवीन आहे, लिहू की नको असं करत लिहितेय.

मी गेल्या वर्षी पुण्याहून आले. विमानतळावर आम्हा चौघींना घ्यायला चर्चची व्हॅन होती. भारतीय विद्यार्थी संघटनेच्या गाड्या भरल्या होत्या. चर्चने गाद्या दिल्या, टेबल दिलं. एक आजी-आजोबा आम्हाला सोशल सिक्युरिटी ऑफिसला घेऊन गेले, थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं आणि माझ्यासाठी मांसाशिवाय वेगळं शिजवलं. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "आम्ही चर्चचे आहोत, येशूबद्दल ऐकायचं असेल तर आनंदाने सांगू, नसेल तरी गाडी आहेच." मी त्यांच्या बायबल अभ्यासाला अधूनमधून जाते. घरी आईला हे माहीत आहे. मी संकष्टीही करते.

दुसऱ्या प्रकारचेही भेटले. दुकानाच्या पार्किंगमध्ये दोघींनी विचारलं, "देव आई असू शकते, याचा कधी विचार केलायस?" मी म्हटलं, आमच्याकडे विठ्ठलाला माऊली म्हणतात आणि कुलदैवत तुळजाभवानी आहे, तर विचार काय करायचा. त्या गोंधळल्या. मग लगेच त्यांच्या अभ्यासवर्गाला चल म्हणाल्या, पण संघटनेचं नाव तीनदा विचारूनही सांगेनात. नंतर चर्चच्या आजींनी सांगितलं की हा कोरियात सुरू झालेला वेगळा पंथ असणार, बाकीची चर्चं त्यांचं हे मानत नाहीत. अशांबद्दल मुलींना पळवून नेतात वगैरे मेसेज फिरतात, ते कृपा करून पुढे ढकलू नका. आमच्या ग्रुपवर त्यामुळे नुसती घबराट झाली होती. नाव सांगत नसतील तर नंबर द्यायचा नाही, मला एवढंच पुरलं.

रेवतीमावशी, एक सांगू? त्या शुक्रवारी उठून जाणं अवघड असतं कारण यजमान चांगले असतात. भीती नसते, भीड असते. तुमच्या मुलीला सांगा की "जेवण छान होतं, आता निघते" एवढं म्हटलं तरी चालतं. कोणी अडवत नाही.

ईशा


प्रेषक: रेवती (जॉन्स क्रीक)

सगळ्यांची पत्रं दोनदा वाचली. श्रीकांतकाका, कायद्याने बंदी होत नसेल तर ती मागणी मागे घेते. तरी माझी तक्रार संपलेली नाही. सर्वेक्षण म्हणून गप्पा सुरू करायच्या आणि जेवण म्हणून बोलवायचं, हे मला आजही गैरच वाटतं, आणि संजीवनीताईंनाही ते पटत नाही हे वाचून बळ आलं. नोंदणी झालेल्या प्रत्येक विद्यार्थी संघटनेने, ख्रिस्ती असो, हिंदू असो, मुस्लिम असो, निमंत्रणावर आपलं नाव आणि कार्यक्रमाचं स्वरूप लिहावं, अशी विनंती विद्यार्थी विभागाला करायला काय हरकत आहे? विनंती आहे, बंदी नाही. मंडळाला आपल्या नावाने पाठवायची नसेल तर मी पालक म्हणून पाठवते.

दुसरं, ईशाने विमानतळाचं लिहिलं ते मला लागलं. मंडळात इतक्या घरांत सात-सात सीटच्या गाड्या आहेत. पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांना आणायला किती घरं तयार आहेत? मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस धरते. गाद्या, टेबलं, कुकर ठेवायला आमचं गॅरेज मोकळं करून देईन. मिलिंदभाऊ, तुमची व्हॅन सांगा.

संजीवनीताई, विनंतीचा मसुदा तुम्ही बघाल का? शब्द कुणाला दुखावणारे नकोत. रविवारी दुपारी तुमच्याकडे आले तर चालेल? लेकही येते म्हणाली, तिला तुमच्याशी बोलायचंय.

रेवती