मदत हवी आहे : कर्णबधिर कलाकारांची एकांकिका

नमस्कार मंडळी. आमच्या साताऱ्यातल्या हौशी गटाची एकांकिका बसतेय. दिग्दर्शिका आणि दोन मुख्य नट कर्णबधिर, बाकी आम्ही ऐकणारे. संवाद भारतीय सांकेतिक भाषेत. कोपऱ्यात दुभाषी उभा करून भागवणं आमच्या बाईंना मुळातच मान्य नाही. लंडनची ग्रेआय ही अपंग आणि कर्णबधिर कलाकारांची १९८० पासूनची नाटक कंपनी. ती खुणा, पडद्यावरची अक्षरं, दृश्यवर्णन हे सगळं नाटकातच विणते. आम्हालाही तसंच हवंय, फक्त खिशाला झेपेल असं.

आता अडलंय कुठे ते सांगतो. काळोख केला की खुणा दिसत नाहीत, मग प्रवेश बदलायचा कसा? विंगेतल्या नटाला एंट्रीचा इशारा द्यायला छोटा दिवा पुरतो का? मराठी अक्षरं संवादाच्या वेगाने दाखवायला साधं पॉवरपॉइंट चालेल? अंध प्रेक्षकांसाठीचं वर्णन हेडफोनवर द्यावं की एखाद्या पात्राच्याच तोंडी घालावं? मला दुसरं आवडतं, पण लेखक नाक मुरडतोय.

प्रत्यक्ष केलेल्यांनी लिहा. प्रकाशयोजनाकार असाल तर आधी तुम्ही, कारण रंगीत तालीम तोंडावर आलीय.