प्रसारमाध्यमे, प्रसिद्धिमाध्यमे की जनमाध्यमे?

पानफुटी: डेंग्यूवरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'मास मीडिया'ला प्रसारमाध्यमे लिहिलं. पण त्याच पानावर 'रोगाचा प्रसार' चारदा आलाय. एका आशाताईंना कच्चा मजकूर दाखवला, तर 'प्रसारमाध्यमांची भूमिका' या मथळ्याखाली त्या डासांची माहिती शोधत बसल्या. तपासणाऱ्यांनी सगळीकडे प्रसिद्धिमाध्यमे करून टाकलं. काय ठेवू?

कृष्णाकाठ: प्रसिद्धिमाध्यमे अजिबात नको. प्रसिद्धी ज्याला हवी असते त्याची होते. 2019 च्या पुरात सांगलीत आम्ही तासातासाला ऐकत होतो, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ती काय पाण्याची प्रसिद्धी होती?

जुनी वही: जनमाध्यमे म्हणा. 'मास' त्यातच आलं.

एसटी स्टँड: बोलतं का कुणी तसं? 'मीडियावाले आले' हेच कानावर येतं. वस्तीतल्या बायकांनी वाचायचंय ना? मीडिया लिहा.

जुनी वही: मग शब्द घडवायचेच नाहीत का? नावं बघा. 1832 चं 'दर्पण', 1849 चा 'ज्ञानप्रकाश', 1881 चा 'केसरी', 1920 चा 'मूकनायक'. आरसा, उजेड, सिंह, मुक्यांचा नायक. समाजात आपलं काम काय, हे प्रत्येकानं नावातच सांगून टाकलं.

एसटी स्टँड: आमचे आजोबा केसरी वाचायचे. म्हणायचे मात्र 'पेपर आला का रे?'

कृष्णाकाठ: शब्दाचा वचक असतो, हे खरं. आजी सात पाचच्या बातम्यांवर कधी शंका घ्यायची नाही. कंसाला झाली ती आकाशवाणी, ती खोटं कसं बोलेल, असं तिचं म्हणणं. रेडिओचं नाव दुसरं काही असतं तर तिनं इतका विश्वास टाकला नसता, असं मला मनापासून वाटतं.

मोडीवाचक: उलटही होतं. मोल्सवर्थच्या कोशात बातमीदार म्हणजे हेरसुद्धा. आणि 'खबर' उलटून 'बखर' झाली.

जुनी वही: ती व्युत्पत्ती मला ओढूनताणून वाटते.

मोडीवाचक: नुकसानचं नुस्कान होतंच की.

पानफुटी: मथळा अजून तसाच आहे. सध्या 'पेपर, रेडिओ, टीव्ही काय करू शकतात' असं फोडून लिहिलंय, पण मोबाइलवर फिरणारे निरोप त्यात येत नाहीत, आणि डेंग्यूच्या अफवा तिथूनच येतात.

जुनी वही: त्यासाठी समाजमाध्यमे. 'सामाजिक माध्यमे' नव्हे, कृपा करून.

मोडीवाचक: नुस्कानमध्ये अक्षरं शेजारची आहेत, हे मान्य. पण लखनौचं नखलौ?