बीडीएस म्हटलं की काउन्सेलर म्हणतात नाद सोड, अशा सल्ल्याचं काय करायचं?

डिचोलीची_मावशी

माझ्या भाचीचं आहे, पण बऱ्याच घरांत हेच चाललं असणार म्हणून सविस्तर लिहिते. पोरगी बारावी सायन्सला, सत्तरीतून रोज कदंबाच्या बसने हायर सेकंडरीला येते, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, आपल्याकडे असतं तसंच. तिला डेंटलला, म्हणजे बीडीएसला जायचंय, आणि एमबीबीएस हुकलं तर बघू असं नव्हे, पहिली पसंतीच ती. घरी गणपतीची चित्रशाळा आहे, चवथीच्या आधी बापाबरोबर मातीत हात घालून बसते, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बापूस आता तिच्याकडेच देतो. बारीक हाताचं काम आणि बायोलॉजी दोन्ही जिथे लागतं तेच करायचं हे तिने दहावीतच ठरवलेलं.

गेल्या आठवड्यात करिअर गायडन्स झालं. प्रत्येकाकडून फॉर्मवर तीन पर्याय लिहून घेतले, हिने एक नंबरला बीडीएस लिहिलं. काउन्सेलर सरांनी नीटच्या (मेडिकल-डेंटलची प्रवेश परीक्षा) पहिल्या मॉकचे, म्हणजे सराव पेपरचे मार्क बघितले, लाल पेनाने बीडीएसवर रेघ ओढली, वर बीएस्सी लिहिलं आणि म्हणाले, "अख्ख्या गोव्यात पन्नास सीट, त्यात तुझा नंबर कुठे? घरात कोण डॉक्टर आहे? आणि डेंटिस्टना आता विचारतो कोण? नाद सोड." झालं, पुढचा ये. तो फॉर्म मी बघितला, रेघ इतकी जोरात ओढलेली की पाठीमागे उमटलीय. तेव्हापासून पोरगी पुस्तक उघडते आणि नुसती बघत बसते.

चान्स कमी आहे हे सांगायचा सरांना पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कमी म्हणजे किती, कशावरून, कुठला विषय मार खातोय आणि आता काय करायचं हे काहीच न सांगता काट मारून पोरीला घरी पाठवायचं हे मला मान्य नाही. आणि घरात कोण डॉक्टर आहे हा प्रश्न कशाला? हिने आता काय करावं, सरांचं ऐकावं की कानाआड करावं?

निवृत्त_बायो_सर

ताई, राग समजतो, पण दुसरी बाजू मांडतो कारण तीस वर्षं मी त्याच खुर्चीत बसलोय. गोव्यात डेंटल कॉलेज एकच, बांबोळीचं, १९८० पासून. सीट ५०. त्यातल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यात जातात. उरलेल्यांत ओबीसी २७ टक्के, एसटी १२, एससी २, वर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल). ओपनच्या पोराला वीसेक सीट हाताला लागतात आणि त्यासाठी पेडण्यापासून काणकोणापर्यंतची मुलं रांगेत. वर्गातल्या निम्म्या मुलांना डॉक्टर व्हायचं असतं आणि आईबापांना तर शंभर टक्के. आम्ही गोड बोललो की नंतर तेच पालक येऊन म्हणतात, सर तुम्ही आधी का नाही सांगितलं? काउन्सेलरला एका दुपारी पूर्ण वर्ग संपवायचा असतो. स्पष्ट बोलणारा माणूस कठोर वाटतो, पण पोराचं वर्ष वाचवतो. भाचीला सांगा, सरांचं मनावर घेऊ नको पण विचार जरूर कर. बीएस्सी काय वाईट आहे?

मडगावकर_आके

सर, तुम्ही आत्ता इथे जे आकडे दिलेत ते त्या पोरीला कोणी दिले? एवढंच तिथे सांगितलं असतं तर तिने निदान वही काढून हिशोब केला असता.

क्लिनिक_फोंडा

मी डेंटिस्ट आहे, फोंड्याला प्रॅक्टिस. मला कोणी विचारलं तर मीसुद्धा सहसा नको म्हणतो, त्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर मी काउन्सेलरच्या बाजूने आहे. चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर क्लिनिक टाकायचं तर चेअर, कॉम्प्रेसर, एअरोटर, ऑटोक्लेव्ह, आरव्हीजी, सगळं कर्जावर. देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी हजारो बीडीएस बाहेर पडतात, सरकारी जागा मोजक्या. पास झाल्यावर बहुतेक मुलं दुसऱ्याच्या क्लिनिकात टक्केवारीवर बसतात, आणि एमडीएस, म्हणजे डेंटलचं पीजी करायचं तर पुन्हा एंट्रन्स. किनारपट्टीला सीझनमध्ये फॉरेनर येतात दात करून घ्यायला, तिकडे बरं चालतं, पण आतल्या तालुक्यात माणूस दात ठणकायला लागला तरच येतो, आणि आला की "काढून टाक डॉक्टर" म्हणतो, आरसीटीचे, म्हणजे रूट कॅनलचे पैसे ऐकून उठतो. हे पोरीला माहीत हवं. पण हे सांगायला तिचे मॉकचे मार्क कशाला लागतात? सीट मिळणार नाही ही एक गोष्ट आणि मिळून पुढे पोट भरेल का ही वेगळी, त्या सरांनी दोन्ही एका वाक्यात कोंबल्या आणि पोरगी दोन्हीकडून मेली.

थर्ड_इयर_बांबोळी

काकू मी सध्या तिथेच शिकतेय, मलाही बारावीत जवळपास हेच ऐकवलं होतं म्हणून जरा लांब लिहिते, सॉरी.

पहिली गोष्ट पहिल्या मॉकची. त्या वेळी अकरावीचा सिलॅबस कोणाची उजळणी झालेली नसते, बारावीचा अर्धा शिकवलेला नसतो, मग त्यात मार्क कसे येणार? त्या पेपरावरून आपण कुठे चुकतो एवढं कळतं, सीट मिळेल की नाही ते नाही. तिला सांगा पेपर परत घे आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न बघ, येतच नव्हतं म्हणून गेला, येत होतं पण गडबडीत गेला, की तुक्का मारला म्हणून निगेटिव्ह गेला. बरोबरला चार आणि चुकीला उणे एक असं असतं ना, तर चुकलेल्या प्रत्येक तुक्क्याला हातातला एक मार्क जातो. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीला आहेत, तिचं बायो चांगलं असेल तर पाया आहे, आपल्याकडच्या बहुतेकांचं फिजिक्स घालवतं.

दुसरी गोष्ट, "इतके मार्क लागतात" असं जे कोणी सांगतो त्याला विचारायचं कुठल्या वर्षाचे. २०२४ ला मार्क एवढे फुगले की सगळ्यांची गणितं चुकली, २०२५ ला पेपर असा अवघड आला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते आणि ओपनचा क्वालिफायिंग कटऑफ १६२ वरून १४४ वर आला. म्हणजे २०२४ चे मार्क डोक्यात धरून २०२५ च्या पोराला नाही होणार म्हटलं असतं तर ते साफ चुकलं असतं. मार्क नका बघू, रँक बघा, डीटीईच्या (गोव्यातले हे प्रवेश करणारं तंत्रशिक्षण संचालनालय) जुन्या याद्या काढून बीडीएसची शेवटची सीट कुठल्या कॅटेगरीत कितव्या मेरिट नंबरला गेली ते बघा. आणि प्रवेशाच्या पहिल्या राउंडवर थांबू नका, बीडीएस घेतलेली कितीतरी मुलं पुढच्या राउंडला एमबीबीएस मिळालं की सोडून जातात, यादी खाली सरकते. हे मला कोणत्याच काउन्सेलरने सांगितलं नव्हतं, सीनियरने सांगितलं.

आणि चित्रशाळेचं वाचून खूप बरं वाटलं. फर्स्ट इयरला डेंटल ॲनाटॉमीत आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, कार्व्हर घेऊन, वरचा सुळा, मग दाढा. सुळ्याच्या मागच्या बाजूचा उंचवटा जरा जास्त खरवडला गेला की पूर्ण ठोकळा वाया, नवीन घ्यायचा. वर्गातले टॉपरसुद्धा तिथे रडकुंडीला येतात. जिला मूर्तीचे डोळे आखता येतात तिचा हात तिथे चालणार. नीटमध्ये हाताला एक मार्क नाही हे खरं, पण सर म्हणतात तसं ती हवेत पण नाहीये.

पेडण्याचा_बापूस

मला इथे सगळ्यांशी वाद घालायचाय. माझ्या मुलाला कोणीच नको म्हटलं नाही. हायर सेकंडरीत म्हणाले होईल, क्लासवाले म्हणाले नक्की होईल, एक वर्ष ड्रॉप घ्या, म्हणजे कुठे ॲडमिशन न घेता परत नीट द्या, मग म्हणाले थोडक्यात गेलं, आणखी एक घ्या. फी भरत गेलो, आईने सोनं ठेवलं. मुलगा खोलीत बसून असायचा, मित्र इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचले तेव्हा याच्या हातात बारावीचं सर्टिफिकेट तेवढं. आता फार्मसीला आहे, बरा आहे, हसतो बोलतो, पण ती वर्षं गेली ती गेलीच. त्या वेळी एखाद्या सराने लाल रेघ मारली असती तर मी दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन त्यांच्या घरी गेलो असतो. तुम्ही सगळे पोरीला धीर द्या म्हणताय, द्या, पण कुठे थांबायचं तेही आत्ताच ठरवा. नंतर ठरत नाही. जून आला की परत वाटतं या वेळी होईल.

डिचोलीची_मावशी

पेडण्याच्या दादांचं वाचून गप्प झाले होते, म्हणून उत्तराला उशीर. तुमच्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं, आणि थांबायचं आधी ठरवायचं हे मी काल बहिणीशी आणि भावोजींशी बोललेही. पण दादा, तुम्हाला होईल होईल म्हणणारे आणि हिला नाद सोड म्हणणारे यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. तुमच्या मुलाचा पेपर उघडून कोणी बघितला नाही, हिचाही नाही.

बायो सर, बीएस्सी वाईट आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. बीएस्सी नर्सिंग, फार्मसी, सगळे फॉर्म ती भरणार आहे. माझा प्रश्न तिथेच अडलाय, घरात कोण डॉक्टर आहे. गावातल्या मूर्तिकाराच्या पोरीला हे विचारायचं आणि पणजीतल्या डॉक्टरच्या पोराला तेवढ्याच मार्कांवर एक वर्ष ड्रॉप घे म्हणायचं, हे तुम्ही कधी बघितलं नाही? मी बघितलंय.

निवृत्त_बायो_सर

बघितलंय ताई, नाही म्हणत नाही. तो प्रश्न विचारायला नको होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण काउन्सेलरने चान्स कमी असेल तर तोंडावर सांगावं या मतावर मी ठाम आहे, आणि थर्ड इयरच्या मुलीने लिहिलंय ते मिळालेल्या बाजूने लिहिलंय. तिच्याच वर्गातली सीट न मिळालेली मुलं इथे लिहायला येत नाहीत. यादी खाली सरकते म्हणून किती पोरं सप्टेंबरपर्यंत मोबाईल धरून बसतात आणि तोवर बाकीच्या कॉलेजांची ॲडमिशन बंद होतात, तेही सांगा तिला.

थर्ड_इयर_बांबोळी

सर ते बरोबर आहे, म्हणूनच म्हणतेय दुसरीकडे ॲडमिशन घेऊन ठेव आणि मग राउंड बघ. पण ओरिजिनल कागद अडकवून ठेवत असतील का आणि नंतर फी परत मिळते का ते आधी लेखी विचारून घ्यायचं.

मडगावकर_आके

गोव्यात नाही झालं तर बेळगाव, धारवाड, मंगळूर, मणिपाल आहेत की. डीम्ड युनिव्हर्सिटींच्या सीट एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या समितीच्या काउन्सेलिंगमधून मिळतात.

क्लिनिक_फोंडा

मिळतात, पण फी बघूनच फॉर्म भरा. चित्रशाळेच्या कमाईवर डीम्डचं कर्ज काढून बीडीएस करायला मी तरी कोणाला सांगणार नाही. हे मी पोरीच्या बापाला समोर बसवून सांगीन, त्यांना राग आला तरी. सरकारी सीट मिळाली तर मात्र बिनधास्त घ्या.

मावशी, एक करा. कुठल्याही शनिवारी तिला माझ्याकडे पाठवा, सकाळी नऊ ते दुपारी, अटेंडंटच्या बाजूच्या स्टुलावर बसू दे. एक आरसीटी पूर्ण बघू दे, तासभर त्याच एका दाढेत डोकं घालून बसावं लागतं, एखादं रडणारं पोर बघू दे, तंबाखूने तोंड उघडत नाही असा पेशंट माझ्याकडे येतोच. त्यानंतरही हेच करायचं म्हणाली तर पुढचं मी आणि तुम्ही मिळून बघू. आणि काउन्सेलरकडे तिला परत जाऊ द्या, एकटी नको, तुम्ही सोबत जा. भांडायला नाही. मॉकचा पेपर पुढे ठेवा आणि विचारा, सर यातलं काय सुधारलं तर तुम्ही बीडीएस परत लिहाल.

पेडण्याचा_बापूस

हे चांगलं सांगितलंत डॉक्टर. मावशी, बोर्डाची परीक्षा झाली की नीटपर्यंत फार दिवस नसतात, तेव्हा फिजिक्सला कोणी चांगला मास्तर आत्ताच बघा, मोठा क्लास नको, वाळपईत घरी शिकवणारे आहेत. एका पेपरानंतर थांबायचं की दोन, ते लिहून भिंतीला लावा, बापाची सही घ्या.

डिचोलीची_मावशी

शनिवारचं नक्की डॉक्टर, तुम्हाला मेसेज करते. थांबायचं पण ठरलं, ही परीक्षा आणि कमी पडली तर आणखी एकच, तीही दुसरीकडे ॲडमिशन घेऊन. सोमवारी मी अर्धी रजा टाकून सरांकडे जातेय तिच्याबरोबर, तोवर डीटीईच्या याद्या काढून ठेवते. कोणाकडे गेल्या दोन-तीन वर्षांच्या बीडीएसच्या सगळ्या राउंडच्या याद्या सेव्ह असतील तर पाठवा.

थर्ड_इयर_बांबोळी

माझ्याकडे आहेत काकू, रात्री पाठवते. आणि मामलेदार ऑफिसातून रेसिडेन्स सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तिथे मरणाची गर्दी असते.